दसऱ्याला मिळालेले उत्तर

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. कुठल्या राज्यातली ते विचारू नका. राज्य गेले, राजे गेले, नदी तेवढी अजून कुठेतरी वाहत असेल.

त्या राज्यात दोन डोंगर होते आणि दोन्ही डोंगरांना जोडणारा रानाचा एक लांबट पट्टा होता. पट्ट्याच्या मधून नदी वाहत होती. उन्हाळ्यात गव्यांचे कळप या रानातून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जात आणि वाटेत नदीवर पाणी पीत. एका जुन्या राजाने हा पट्टा कायमचा राखून ठेवला होता. त्याने दोन्ही अंगांना हद्दीचे दगड रोवले आणि हुकूम काढला, की दगडांच्या आत कुऱ्हाड चालायची नाही, कुदळ पडायची नाही आणि गुरे शिरायची नाहीत.

लोकांनी हा हुकूम मनापासून पाळला. दरवर्षी पावसाळा सरला की दरबारी मंडळी वाजतगाजत हद्दीवरून फिरत आणि दगडांना चुना फासत. राजा रानाच्या नाईकाला विचारी, आतले काही गेले का? नाईक छाती फुगवून सांगे, काडीही गेली नाही. मग गूळ-खोबरे वाटले जाई. आमच्या या गोष्टीतले गवे बोलत नाहीत. बोलले असते तर त्यांनी विचारले असते, की काड्या सगळ्या जागेवर आहेत, पण पाणी कुठे आहे? आणि गोष्ट तिथेच संपली असती.

या राज्याचा एक कोठारी होता. राज्याच्या धान्यकोठारांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. माणूस सरळ होता, हाताचा स्वच्छ होता. खोड म्हणाल तर एकच. काम अर्धवट राहिलेले त्याला बघवत नसे. भांडण असो, बांधकाम असो, नाहीतर नुसती चौकशी असो, ते एकदाचे मिटले आणि वर झाकण बसले, की त्याला झोप लागे.

त्याची धाकटी बहीण येसू. रानाचा पट्टा जिथे संपतो तिथे नदीला एक खोल डोह होता आणि डोहाच्या काठी येसूचे सासर होते. तिथली जमीन खडकाळ, विहिरीला पाणी लागत नसे. सगळे गाव डोहाचेच पाणी पीत असे.

एका वैशाखात येसू माहेरी आली ती वाळून आली होती. भावाच्या ताटात भाकरी वाढता वाढता तिने सांगितले, की डोह दरवर्षी आधी आधी आटतो आहे. पूर्वी तळ दिसत नसे, आता होळी झाली की पोरे मधोमध उभी राहतात. डोंगरापलीकडे एक ओसाड माळ आहे, तिथे झरा आहे. गावाच्या पाटलाने ती जागा मागून ठेवली आहे.

"दादा, डोह एकदा जरी पुरता आटला ना, तर गाव उठणार," ती म्हणाली. "मला तिथून उठायचं नाही. माझी दोन्ही बाळंतपणं त्या पाण्यावर झाली. तू कोठारी आहेस, काहीतरी बघ."

कोठारी दुसऱ्याच दिवशी निघाला. रानाच्या नाईकाला बरोबर घेऊन तो नदीकाठाने चालला. आत खरोखरच सगळे जागच्या जागी होते. तोडलेली फांदी नाही, खणलेला खड्डा नाही, आणि नदी मात्र उन्हाळा सरण्याआधीच दमलेली. हद्दीच्या दगडांबाहेर आला, तर दगडांना अगदी खेटून पानमळे. पांगाऱ्यावर चढलेल्या हिरव्यागार पानवेली, आत गारवा, आणि प्रत्येक मळ्यात विहीर. पानवेलीला पाणी रोज लागते, एक दिवस चुकवून चालत नाही. मोटा पहाटे सुरू होत त्या दिवस मावळेपर्यंत चालत. मळेवाल्यांनी त्याला विडे दिले आणि नम्रपणे सांगितले, की आमची कुदळ दगडाच्या आत कधी पडली नाही. ते खरेच होते. विहिरी दगडाबाहेर होत्या. विहिरीतले पाणी कुठले, हे मात्र कोणी कोणाला विचारले नव्हते.

तेव्हा शेजारच्या मुलखात पाण्याचा अभ्यास केलेली एक बाई होती. लोक तिला शास्त्रीणबाई म्हणत. विद्वान होती, आणि आपण विद्वान आहोत हे ती कोणाला विसरू देत नसे. कोठाऱ्याने तिला दरबारात आणवले. तिने सांगितले, की नदी आणि जमिनीतले पाणी यांची आत देवघेव चालते. कोण देते आणि कोण घेते, हे बघायचे तर दोन्ही काठांच्या विहिरींत आणि नदीत खुणांचे बांबू उभे करायचे आणि कुठले पाणी वर आहे, कुठले खाली, हे पडताळत राहायचे. एका पावसापासून पुढच्या पावसापर्यंत माणसे नेमावी लागतील. त्यांच्या पोटाला कोठारातून धान्य लागेल.

दरबारात चुळबूळ झाली. पाणी बघायला वर्षभर धान्य? बघून काय ते वाढणार आहे? एका सरदाराने तर सुचवले, की त्यापेक्षा रानाच्या तोंडाशी एक दगडी कमान उभारावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला राज्य रान राखते हे दिसेल. शास्त्रीणबाईचा पारा चढला. हातची संधी जाते असे पाहून ती बोलून गेली, "वर्षाचं राहू द्या. दसऱ्यापर्यंत काहीतरी हाती दिलं नाही, तर मला विचारा."

राजाने कोठाऱ्याकडे पाहिले. कोठाऱ्याने मान डोलावली आणि धान्य मंजूर झाले.

पावसाळाभर माणसे भिजत, चिखल तुडवत खुणा बघत राहिली. नदी भरली, फुगली, काठाला लागली. थोड्या दिवसांनी काठाजवळच्या विहिरींचे पाणी चढले, मग लांबच्या विहिरींचे. शास्त्रीणबाईने स्वतः विहिरीत उतरून पाहिले. तिला शंकाच उरली नाही. दसऱ्याला तिने दरबारात सांगितले, की नदीचे पाणी वर आहे, विहिरींचे खाली. नदी विहिरींना देते.

मळेवाल्यांचे चेहरे उजळले. म्हणजे आपण ओढून घेत नाही, नदीच आपणहून देते, आणि तेही पुराचे, वाहून जाणारे. सरदार खूश, राजा खूश. सगळ्यांत खूश झाला कोठारी. प्रश्न होता, उत्तर आले, झाकण बसले.

शास्त्रीणबाई म्हणाली, की हे पावसाळ्याचे झाले. उन्हाळा बघायचा राहिला आहे, तोच खरा बघायचा आहे.

"बाई, दसऱ्याची मुदत तुम्हीच घातलीत," कोठारी म्हणाला. "उत्तर दिलंत, तेही स्वच्छ दिलंत. आता त्याच प्रश्नाला पुन्हा धान्य कशाला?"

मुदत खरोखरच तिचीच होती. ती तणतणत निघून गेली. खुणांचे बांबू विहिरींत तसेच राहिले आणि पुढे मळेवाल्यांनी ते वेलींच्या आधाराला वापरले. उरलेल्या धान्यावर गवंडी लावून दगडी कमान उभी केली. देखणी झाली होती, खोटे कशाला बोलू.

विहिरींनी नदीचे काही बिघडत नाही असे ठरल्यावर दगडांबाहेर नव्या विहिरींना परवानगी मिळाली. परवानगीवर शिक्का कोठाऱ्याने मारला. आणि त्याच आठवड्यात त्याने बहिणीला निरोप धाडला, की चौकशी झाली, विहिरींचा डोहाला धोका नाही. गाव हलवायचे मनात आणू नका.

भावाचा शब्द आणि तोही कोठाऱ्याचा. येसूने तो गावाला सांगितला. पाटलाने डोंगरापलीकडच्या माळावरचा हक्क सोडून दिला. दुसऱ्या एका वाडीने तो लगेच घेतला, झऱ्यासकट. गावाने घरे शाकारली, एकदोघांनी नवी बांधली. येसूने अंगणात पेरूचे झाड लावले.

होळी झाली आणि डोह घोट्याइतका उरला. पाडव्याला तो चिखल होता. त्यानंतर चिखलालाही भेगा पडल्या. मासे मेले, त्यांचा वास गावभर पसरला. गव्यांचा कळप रानात आला, कोरड्या पात्रात थोडा वेळ उभा राहिला आणि पाण्यासाठी पानमळ्यांत शिरला. मळेवाल्यांनी डबे वाजवून, टेंभे दाखवून त्यांना हाकलले. ते डोंगराकडे परत गेले ते पुन्हा आले नाहीत.

कोठाऱ्याने शास्त्रीणबाईला पुन्हा बोलावणे पाठवले. ती येईल असे त्याला वाटले नव्हते. ती आली. नमस्कार न करता तिने त्याला कोरड्या पात्रात नेले आणि वहाणा काढायला लावल्या. दोघे वाळूवरून चालू लागले. वाळू पाय भाजत होती. पुष्कळ चालल्यावर एका वळणावर, काठाच्या सावलीत, त्याच्या तळव्याला एकदम गार लागले. तिथे वाळू ओलसर होती. खाली कुठेतरी पाणी अजून धडपडत होते.

"मागच्या उन्हाळ्यात अशा गार जागा पात्रभर असणार," ती म्हणाली. "उन्हाळ्यात वरून पाऊस नाही, मग नदी वाहते कशावर? पावसाळ्यात नदी काठच्या जमिनीला पाणी पाजते आणि उन्हाळ्यात जमीन तेच पाणी नदीला परत देते. यंदा परत द्यायला काही उरलंच नाही. विहिरींचं पाणी नदीच्या तळाच्याही खाली गेलंय. आता नदीतलंच तिकडे उतरतं. दगडांच्या आतली नदी तुम्ही राखलीत, आणि दगडांच्या खालून ती निघून गेली."

मग ती हळू आवाजात म्हणाली, की दसऱ्याचे नाव मी घ्यायला नको होते. धान्य मिळावे म्हणून घेतले. कोठाऱ्याला तिचा राग आला नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटू लागली होती.

तिथून तो तडक बहिणीच्या गावी गेला. गाव निघायच्या तयारीत होते. गाड्यांवर हंडे, जाती, कोंबड्यांची खुराडी, म्हातारी माणसे. पण जायचे कुठे हे ठरलेले नव्हते, कारण झऱ्याची जागा हातची गेली होती. कोणी मामाकडे, कोणी सासुरवाडीला, कोणी मजुरीला शहराकडे. एका गावाच्या गाड्या चार रस्त्यांना लागणार होत्या. कोठारी गाडीजवळ उभा राहिला. त्याने बहिणीला सांगितले, की माझ्या घरी चल, सगळे चला.

येसूने पदराने तोंड पुसले. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"दादा, तू खोटं बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुला अर्धंच माहीत होतं. पण तू आम्हाला सगळं माहीत असल्यासारखं सांगितलंस. ठाऊक नाही म्हणाला असतास, तर आम्ही वेळेवर निघालो असतो."

गाडी हलली. कोठारी धुरळा बसेपर्यंत तिथेच उभा होता.

पुढे त्याने दरबारात आपली चूक उभे राहून सांगितली. राजा भला होता. त्याने त्याला काढले नाही, पण चौकशीला धान्य पुन्हा सुरू केले आणि या खेपेला ते सगळ्या ऋतूंसाठी दिले. शास्त्रीणबाईने मुदत घातली नाही आणि कोणी मागितलीही नाही. एक पावसाळा जास्त झाला, एक कमी झाला, दोन्ही पाहून झाले. मग ठरले, की हद्दीला लागून असलेल्या विहिरींवर होळीनंतर मोट चालायची नाही, आणि नवी विहीर काढायची ती दगडांपासून पुष्कळ दूर. मळेवाले कुरकुरले. काही मळे मोडले, काहींनी पानवेल काढून ज्वारी केली. त्यांचेही नुकसान झाले. पाण्याच्या गोष्टीत कोणाचेच नुकसान होत नाही असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

काही वर्षांनी उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूवर पुन्हा गार जागा लागू लागल्या. नदी बारीक का होईना, वाहू लागली. नवे गवे आले. डोह भरला, इतका, की वैशाखातही तळ दिसेना.

काठावर मात्र कोणी नव्हते. गाव चार दिशांना गेले होते, त्यांची मुले नव्या जागी मोठी झाली होती आणि जुन्या घरांच्या भिंती पावसाने खाली आणल्या होत्या. कोठारी म्हातारपणी एकदा तिथे गेला. डोहाचे पाणी ओंजळीत घेऊन प्यायला. गोड होते. ते भरून न्यायला एकही घागर आली नाही.

म्हणून लहानथोरांनी एवढे ध्यानात ठेवावे: अर्ध्या चौकशीवर दिलेला पुरा दिलासा, चौकशी न करण्याहून जास्त घात करतो.