पाठ झालेलं आकाश

चूक म्हाताऱ्या घुबडाची होती, दुसऱ्या कुणाची नाही. फार पूर्वी एका टेकडीवर ते नवा तारा दिसावा म्हणून आयुष्यभर जागत आलं होतं.

एकदा तरुण रातवा पक्षी ओरडत आला, “आजोबा, आकाशातल्या विंचवाच्या शेपटीपाशी नवा तारा पेटलाय! लवकर बघा, विझेल!”

“तिथे तारा नाही. आकाश पाठ आहे मला. डोळे धुऊन ये.”

“पाठ कसलं म्हणता? मान वळवा की! तुमची तर पार मागे वळते.”

“मोठ्यांशी असं बोलतात?”

म्हाताऱ्याची तळमळ ठाऊक होती, म्हणून रातवा आठ रात्री येत राहिला. तारा मंदावत गेला. नवव्या रात्री घुबडाने मान वळवली. तिथे काळोख होता. रातवा त्याच्याजवळ येऊन बसला.

घुबड पुढे बारा वर्षं जगलं. त्याला नवा तारा दिसला नाही.