पहाऱ्याची रीत

दुसऱ्याचं घर बळकावायचं आणि घरधनी ओरडला की शांतता बिघडली म्हणून गळा काढायचा, इतका निलाजरेपणा काही जणांनाच जमतो. केवडी नावाचं खोरं गिळून बसलेल्या सम्राटाचा दूत असाच शेजारच्या छोट्या डोंगरी राज्यात आला.

"खोऱ्यातले लोक दंगा करतात. शांतता राखायला तुमचे पहारेकरी द्या. नाही म्हणालात, तर तुमच्याकडे येणारं मीठ बंद."

राजाचा चेहरा पडला. सेनापती सुभानजी मात्र शांतपणे म्हणाले, "देऊ की. फक्त आमची पहाऱ्याची रीत आम्ही मोडत नाही."

"खुशाल पाळा," दूत हसला.

"मग ठरलं. आमचा पहारेकरी घराकडे पाठ करून उभा राहतो आणि बाहेरून घुसलेल्यावर भाला रोखतो. खोऱ्यातली घरं तिथल्या लोकांची आहेत. घुसलात तुम्ही."

दूत गोरामोरा झाला. "राहू द्या. नकोत तुमचे पहारेकरी."

"महाराज, 'नाही' आपण म्हटलेलं नाही," सुभानजी राजाला म्हणाले. "तेव्हा मीठ चालू राहील."

दूत तणतणत निघाला. दारातल्या पहारेकऱ्याने भाला बाजूला घेतला.

"जा रावसाहेब. निघून जाणाऱ्याला आमची रीत आडवी येत नाही."