गुणाजीची फुकट गोष्ट

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही दात आले नव्हते तेव्हा, गुणाजीने एक पैज घेतली. घ्यायला नको होती. पण घेतली.

गुणाजी दुपारी पारावर बसून गोष्टी सांगायचा. गोष्ट एक नंबर आणि ऐकणं फुकट! लोक लांबून बैल-गाढवं घेऊन यायचे. पण मध्येच मंजनवाला उठायचा. राजकन्या विहिरीत पडतेय, सगळ्यांचा श्वास अडकलाय, आणि हा ओरडणार, "काळं मंजन, पांढरे दात!" त्या ओरडण्याबद्दल तो गुणाजीला धान्य द्यायचा. त्यावर गुणाजीचं घर चालायचं.

एकदा लोक वैतागले. "ए, खाली बस की!"

मंजनवाला भडकला. "गुणाजी, माझ्याशिवाय महिनाभर गोष्टी सांगून दाखव. उपाशी मरशील!"

"लाव पैज!" गुणाजी म्हणाला.

आठ दिवसांत घरातलं पीठ संपलं. मग त्याला शक्कल सुचली. पारामागे त्याचा तेलाचा घाणा जनावराअभावी बंद पडला होता. लोक गोष्टीत रंगले की त्याचा मेहुणा हळूच त्यांची जनावरं सोडायचा, डोळ्यांना झापडं बांधायचा आणि घाण्याला जुंपायचा. गोल, गोल, गोल. गोष्ट संपायच्या आत जनावर परत जागेवर. तेल गुणाजीचं, घाम दुसऱ्याच्या गाढवाचा!

लोक खूश. मंजन नाही, कटकट नाही. फक्त गोष्टी लांबायला लागल्या. राजकन्या आता नुसती विहिरीत पडायलाच दोन तास घ्यायची.

हळूहळू गावात गंमत सुरू झाली. पाटलांच्या बैलांनी शेत गोल नांगरलं. सगळे पोट धरून हसले.

ठकूबाई कुंभारणीला मात्र हसू आलं नाही. तिचं गाढव, सरदार, भर बाजारात मडक्यांसकट गरागरा फिरायला लागलं.

"अरे सरळ चाल की मुडद्या!"

धाड, धाड, धाड! अख्ख्या भट्टीची मडकी मातीत गेली.

दुपारी ती पारावर आली. डोळे लाल झालेले. "आज शेवटची गोष्ट ऐकते. उद्या सरदारला रानात सोडणार. येड्या गाढवावर मडकी कोण लादणार?"

"रानात वाघ आहे ना, ठकूबाई?" कुणीतरी विचारलं.

ती नुसती सरदारची मान खाजवत राहिली.

गुणाजीने तोंड उघडलं, पण गोष्ट फुटेना. तेवढ्यात सरदार त्याच्या कानाशी आला आणि कुजबुजला, "मी सांगितलं तर लोक म्हणतील, गाढव बोलतंय. तूच बोल."

गुणाजी ताडकन उठला. "ठकूबाई, गाढव शहाणं आहे. येडा मी. तुम्हाला गोष्टीत गुंतवून मी तुमची जनावरं घाण्याला जुंपली. सगळ्यांची. रोज."



"मेल्या!" ठकूबाई ओरडली. "विचारायचंस की! दोन फेऱ्या हसत दिल्या असत्या!" आणि तिने सरदारच्या गळ्यात पडून अशी पप्पी घेतली की गाढव लाजलं.

मडक्यांचं नुकसान भरून निघेपर्यंत गुणाजीने स्वतः घाणा ओढला. तोही गोष्ट सांगत सांगत! धाप लागायची, म्हणून गोष्टी झकास आटोपशीर व्हायच्या. पुढे ज्याची मर्जी असेल, तो आपलं जनावर स्वतःच जुंपायचा, दोन फेऱ्या मोजून. महिना सरला, गुणाजी काही उपाशी मेला नाही, आणि मंजनवाला पैज हरला.

म्हणून सांगतो: दुसऱ्याची ताकद वापरायची असेल तर तोंडाने मागा, गुपचूप घेतली की ती चोरीच.