नारळाचं बेट की निवडुंगाचं बेट?

खाडीकाठच्या एका जंगलात एक ससा राहायचा. राहायचा म्हणजे जीव मुठीत धरून राहायचा. आता सशाला मूठ नसते हे मला पण माहितीये, पण जीव कुठेतरी धरायला लागतोच ना! तर हा ससा भयंकर संशयी. गवत खायच्या आधी ते दोनदा हुंगणार, एकदा पुढून, एकदा मागून. वारा सुटला की विचारणार, "हा कुणी सोडला?" संध्याकाळी चंद्र उगवला की पिल्लं टाळ्या पिटायची, "बाबा, बाबा, चंद्रात ससा!" की याचे कान लगेच ताठ. "तेच तर म्हणतोय मी! त्याला तिथे कोण घेऊन गेलं? आणि तो परत का नाही आला?" पिल्लं बिचारी गपचूप डोळे मिटून घ्यायची.

एकदा काय झालं, जंगलाचा राजा सिंह बायकोला आणायला सासुरवाडीला गेला. जावईबापू ते! पाहुणचार झोडल्याशिवाय काही परत येत नाहीत. म्हणजे जंगलाला सुट्टी! छोटीशीच, पण सुट्टी. सगळी जनावरं खाडीच्या तोंडाशी पळाली, कारण तिथून समोर दोन बेटं दिसतात. एक नारळाचं बेट. हिरवंगार, पांढरी वाळू, वाऱ्यावर झुलणारे माड. दुसरं निवडुंगाचं बेट. तिथे निवडुंग, दगडगोटे आणि एक टिटवी. बास.

"अहो, या खेपेला आपण नारळाच्या बेटावर जायचं," इकडे बिळात सशीण म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. मागच्या खेपेला सिंह गेला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, तो गेल्याचं नाटक करतोय, झुडपात बसलाय. आणि आम्हाला बिळात कोंबलंत. बाहेर सगळं जंगल नाचत होतं आणि आम्ही आत एकमेकांच्या मिशा मोजत होतो."

"पण बसला असता तर?"

"नव्हता ना बसला!"

"मग या खेपेला बसला असेल."

सशिणीने कपाळावर पंजा मारला. "ऐका, तुम्ही राहा तुमच्या झुडपावर नजर ठेवून. मी पोरांना घेऊन जाते."

"जाते म्हणू नये!" ससा केवढ्याने ओरडला. "येते म्हण, येते!"

हे तुम्हाला सांगायला नकोच. घरातून निघताना "जातो" म्हटलं की आईचा धपाटा पाठीत बसतो. "येतो" म्हणायचं. आपण म्हणायचं "येतो हं", आणि घरातल्यांनी म्हणायचं "या हं". जंगलात तर हा नियम फारच कडक. कारण तिथे गेलेला परत येईलच याची काही गॅरंटी नसते.

"बरं बाई, येते," सशीण म्हणाली आणि पिल्लांना घेऊन सरळ खाडीकडे निघाली. ससा मागे. दर दोन उड्यांनी वळून झुडपांकडे बघत.

खाडीच्या काठावर ही गर्दी! कोल्ह्याने केळीच्या खांबांचा तराफा बांधला होता. ओहोटी लागली की पाणी तराफा ओढत थेट नारळाच्या बेटाला नेऊन लावायचं, भरती आली की परत आणायचं. वल्हं नको, काही नको. कोल्हा एका उंच दगडावर उभा राहून ओरडत होता, "चला, चला! नारळाचं बेट! जाणं-येणं फुकट! राहणं फुकट! तिकडे रोज पाहुण्यांची मेजवानी असते!"

हे शेवटचं वाक्य जरा ध्यानात ठेवा. मी काय सगळं समजावून सांगत बसणार नाही.

ससा कोल्ह्याजवळ गेला. फार जवळ नाही. उडी मारून पळता येईल एवढाच. "फुकट का?"

"आं?"

"फुकट का म्हणतोय मी. तुला काय मिळतं?"

"तुमचा आनंद तोच माझा आनंद, ससेभाऊ," कोल्हा शेपटी छातीशी धरून म्हणाला. ससा एक उडी मागे सरकला.

रांगेत मागे साळिंदर उभं होतं. ते वैतागलं. "ए संशयराव, तुला यायचं नसेल तर बाजूला हो ना. आम्हाला जाऊ दे."

"येऊ दे म्हण."

"कुठे येऊ दे? जायचंय अजून!"

कोल्हा गोड हसला. "भांडू नका. ससेभाऊ, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवूच नका. मी कोल्हाच शेवटी. तुम्ही जाऊन आलेल्यांचं ऐका. ए पोपटा, ऐकव रे!"

वर फांदीवर एक पोपट बसला होता, मिरची खात. पोपटाचं असं असतं की जे ऐकलं तेच बोलतो. पदरचं काही घालत नाही, कारण पदरात काही नसतंच. त्यात हा पोपट दोन्ही बेटांवर रोज चक्कर मारायचा. कोल्ह्याने अजून एक मिरची दाखवली. पोपट ताठ झाला आणि हुबेहूब भेकराच्या आवाजात म्हणाला, "अगं बाई, काय ही हवा!" मग रानडुकराच्या आवाजात, "काय ही वाळू! लोळू का?" मग परत भेकर, "लोळा की, आपलंच बेट आहे!" मग परत रानडुक्कर, "हा खडक मस्त आहे गं. खडबडीत. उबदार. जरा टेकतो यावर."

"वाऽऽ!" सगळी गर्दी म्हणाली. काहीजण तर तिथल्या तिथे लोळायला लागले.

"ऐकलंत?" सशीण म्हणाली आणि एकेक पिल्लू उचलून तराफ्यावर ठेवू लागली.

सशाच्या मिशा थरथरल्या. "ही भेकरं, ही डुकरं आता कुठेत?"

"तिकडेच!" कोल्हा म्हणाला. "मागच्या सुट्टीत गेली, इतकं आवडलं की मुक्कामच ठोकला."

"मग 'जाऊन आलेल्यांचं ऐका' असं का म्हणालास? ती आलीच कुठे?"

"बोलण्याची पद्धत असते हो एकेक!" कोल्हा घाईघाईने तराफ्याची वेल सोडायला वाकला. ओहोटी लागली होती. तराफा डुलायला लागला. पिल्लं त्यावर उड्या मारत होती आणि सशीण हाक मारत होती, "अहो, येताय की नाही? का खडकाचाही संशय आला?"

खरं सांगायचं तर आलाच होता. पण एवढ्या गर्दीसमोर बोलणार काय? खडक उबदार आहे म्हणून सुट्टी रद्द? सगळे हसले असते. बरं, गप्प बसावं तर बायकापोरं चालली! ससा घामाघूम झाला. सशाला घाम येत नाही म्हणतात, पण त्या दिवशी आला. कानातून आला.

तो एकदम वर बघून ओरडला, "पोपटा! त्या निवडुंगाच्या बेटावर काय ऐकलंस?"

"ते कशाला?" कोल्हा दचकला. "तिकडे काही नाहीये. ए पोपटा, मिरची घे, मिरची!"

पण पोपटाची चोच उघडली होती, आणि पोपटाची चोच एकदा उघडली की ती पोपटाच्याही हातात नसते. मुंगसाच्या आवाजात सुरू झाला, "शी! काय हे पाणी! मचूळ!" मग मुंगशिणीच्या आवाजात, "मला काय सांगताय? तुम्हीच आणलंत इथे! मी माहेरी चालले होते!" मग घोरपडीच्या आवाजात, "आई गं, काटा!" मग माकडाच्या आवाजात, "ही टिटवी जरा गप्प बसेल का? डोकं उठलं!" मग परत मुंगूस, "डास बघ केवढे. चिमणीएवढे! पुन्हा म्हणून पाऊल ठेवणार नाही इथे. बरं, टिटवीबाई, येतो हं!" टिटवी, "या हं परत!" घोरपड, "येते गं." टिटवी, "ये हं." माकड, "येतो, येतो! सुटलो एकदाचा!" टिटवी, "या हं!"

गर्दी खो-खो हसली. "बघा!" कोल्हा म्हणाला. "काटे, डास, मचूळ पाणी! कोण जाईल असल्या बेटावर?"

ससा मात्र हसला नाही. त्याचे दोन्ही कान आधी आडवे झाले आणि मग एकदम उभे. "पोपटा," तो हळूच म्हणाला, "आता नारळाच्या बेटावरचं परत सांग. हवा नको. वाळू नको. ते निघताना काय म्हणाले, तेवढंच सांग."

पोपटाने चोच उघडली. मिटली. मान तिरकी केली. परत उघडली. परत मिटली.

"भेकरं 'येतो' म्हणाली का?"

पोपट गप्प.

"डुकरं?"

पोपट गप्प.

"कुणीच?"

लोळणारे उठून बसले. साळिंदराचे काटे एकेक करून उभे राहिले, खर्र खर्र आवाज करत. कारण कितीही मजा आली, कितीही भांडण झालं, तरी निघताना "येतो" न म्हणणारं जनावर त्या जंगलात जन्मलंच नव्हतं. म्हणायचं राहिलं, याचा अर्थ निघायचंच राहिलं.

"अहो, आवडलं म्हणून राहिलेत, सांगितलं ना!" कोल्हा ओरडला. आवाज जरा चिरकाच निघाला.

"राहिलेत ना? चांगलंय," ससा म्हणाला. "मग अजून बोलत असतील. पोपटा, काल नारळाच्या बेटावर काय ऐकलंस?"

कोल्ह्याने मिरच्यांची अख्खी जुडी वर फेकली. पण उशीर झाला. पोपटाने गळा फुगवला आणि त्यातून आधी एक ढेकर बाहेर पडली. केवढी! फांदी हलली. मग मगरीच्या घोगऱ्या, ओल्या आवाजात तो म्हणाला, "कोल्ह्याऽऽ, पाहुणे संपले रे. भेकरं बरी होती, डुक्कर दाताला चिवट लागलं. पुढच्या ओहोटीला ससे पाठव. तुझा वाटा ठेवते बाजूला."

कोल्ह्याचा पोपट झाला. म्हणजे खरा पोपट फांदीवर होता, पण झाला कोल्ह्याचा.

सशिणीने एका दमात सगळी पिल्लं कानाला धरून काठावर फेकली आणि शेवटच्या पिल्लाच्या मागोमाग स्वतः उडी मारली. "मेल्या!" ती कोल्ह्यावर किंचाळली. "माझ्या पोरांना खडकावर टेकवणार होतास?"

"मी कुठे खोटं बोललो?" कोल्हा मागे मागे सरकत म्हणाला. "पाहुण्यांची मेजवानी असते म्हणालो होतो. पाहुण्यांचीच असते!"

हे ऐकून साळिंदर पाठ फिरवून, सगळे काटे रोखून उलटं चालत त्याच्याकडे निघालं. बाकीचे दोन्ही बाजूंनी. कोल्ह्याला पळायला एकच जागा उरली. त्याने तराफ्यावर उडी मारली आणि वेल तोडली. त्याला वाटलं, पलीकडच्या काठाला लागू. पण तराफ्याला वल्हंच नव्हतं! स्वतःच ठेवलं नव्हतं बेट्याने. ओहोटीने तराफा उचलला आणि सवयीप्रमाणे निघाली त्याला घेऊन नारळाच्या बेटाकडे.

"अहो कोल्हेदादा," साळिंदर काठावरून ओरडलं, "निघताना काहीतरी म्हणायचं असतं!"

कोल्ह्याची इतकी घाबरगुंडी उडाली होती, की जे तोंडात आलं ते बोलला. "जातो, जातो!"

कुणीही "या हं" म्हटलं नाही.

भरतीबरोबर तराफा परत आला. रिकामा. थोड्या वेळाने पोपट पण आला. फांदीवर बसला आणि कोल्ह्याच्या आवाजात म्हणाला, "अगं, मी! ओळखलं नाहीस का? मी गं, तुझा..." आणि मान तिरकी करून गप्प बसला. पुढे काही नव्हतं.

सुट्टी अजून थोडी उरली होती. सशाने तराफा दोनदा हुंगला, पुढून आणि मागून. साळिंदराने एक लांब बांबू आणला, वल्ह्यासारखा. आणि सगळे गेले कुठे? निवडुंगाच्या बेटावर! पाणी मचूळच होतं. डास चिमणीएवढे नव्हते, पण चिमणीच्या पिल्लाएवढे होते. पिल्लांच्या पायात काटे गेले. टिटवी कुणाला क्षणभर झोपू देईना. "कसलं मेलं हे बेट!" सशीण दिवसभर कुरकुरत होती आणि ससा दिवसभर खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाचाच संशय आला नाही. म्हणजे एका खडकाचा आला, पण तो गार लागला.

निघताना सगळ्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "टिटवीबाई, येतो हंऽऽ!"

"या हं परत!" टिटवी म्हणाली.

आणि वरून जाता जाता पोपटाने ते नीट ऐकून ठेवलं.

तात्पर्य : कुठे जायचं हे ठरवताना पोचलेल्यांच्या कौतुकाला भुलू नका, परतलेल्यांची कुरकुर ऐका.