माहेरच्या नावाचा चौक

त्या निळ्या पाटीवर जाऊ नका. माझ्या देखत ती तीनदा बदलली, आणि तिच्यावरचं नाव घेतलंत तर रिक्षावालासुद्धा डोकं खाजवील. नाव बघायचं ते मधल्या काळ्या दगडावर. तांदळांनी लिहिलंय, रेवती. परवा तिचं लग्न झालं. पुढचं लग्न होईपर्यंत हा रेवतीचा चौक.

असं सांगतात, की पूर्वी हा दगड म्हणजे साळ्यांच्या दोन आळ्यांची शीव. वरची आळी याला बालाजीचा चौक म्हणे, खालची विठोबाचा. वरच्या आळीतल्या मथूचं लग्न खालच्या आळीत ठरलं आणि नवरदेवाचं सीमांतपूजन इथेच मांडलं. संकल्पात भटजींना जागेचं नाव घ्यायचं होतं. एक घेतलं, खालची आळी उठली. दुसरं घेतलं, वरची उठली. मुहूर्त टळत आला, तसा नवऱ्याचा बाप चिडून वऱ्हाड मागे फिरवू लागला. असं दारातून वऱ्हाड परत गेलेल्या मुलीला त्या काळी दुसरं स्थळ येत नसे.

मुंडावळ्या बांधलेली मथू तांदळाचं ताट घेऊन चौकात आली. सासरचं नवं नाव लिहायचं, तेच ताट.

“मामंजी,” ती म्हणाली म्हणे, “घटकाभरानं यात माझं नाव बदलायचं, अन् मी ते गपगुमान घ्यायचं. मला जमतं, तर तुमच्या दगडाला का जमू नये?”

नवऱ्याच्या बापाने वऱ्हाड थांबवलं. तिला अक्षरओळख नव्हती. भटजींनी बोटाने वळण दाखवलं, तिने दगडावर ‘मथू’ लिहिलं, आणि त्याच नावाने संकल्प झाला. सासरी ती सगुणा झाली. मथू इथे राहिली. पुढच्या लग्नापर्यंत एकाही चिमणीने तो दाणा टिपला नाही, म्हणे.

हे मात्र मला पटत नाही. आमच्या चिमण्या इतक्या सोवळ्या कधीच नव्हत्या.

मला सगळे शालिनीकाकू म्हणतात, पण लग्नानंतर अकरा दिवस हा वच्छीचा चौक होता. मला फार बरं वाटायचं. रोज सकाळी बघावं तर नाव जसंच्या तसं. एकदा लवकर उठले, तर माझं नाव शालिनी ठेवणाऱ्या सासूबाईच दगडाशी वाकून वच्छीचे कमी झालेले दाणे भरत होत्या.

हल्लीच्या मुली नाव बदलत नाहीत. तरी आजही सासरी जाताना इथे थांबून लिहितातच. आणि ती बघा, वाटी घेऊन येतेय ना, ती रेवतीची सासू.