न निजवलेला डोंगा

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला मोजता यायचं नाही, पण तेव्हा डोंगराखालच्या त्या मोठ्या तळ्यावर पूल नव्हता. अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं तर डोंग्यात बसावं लागे. डोंगा म्हणजे आंब्याचं एकच एक खोड कोरून केलेली होडी. त्यात फळी नाही, खिळा नाही. तळ्याकाठी भोयांचं गाव होतं, आणि गावाचे नावाडी होते लहानूबुवा.

बुवांची नजर आता अधू झाली होती. पलीकडचा काठ त्यांना दिसत नसे, ते तो नुसता ओळखत. त्यांना मुलगा नव्हता. एक मुलगी होती, फुलवंता, आणि घरात राहायला आलेला तिचा नवरा, सखरू. आपलं वल्हं सखरूच्या हाती द्यावं असं बुवांच्या मनात होतं.

सखरू कोरड्या मुलखातला. हाताने बळकट, बोलायला गोड, कामाला कधी नाही म्हणायचा नाही. पण जिवाला घोर फार. दाराची कडी लागली की नाही ते रात्रीतून तीनदा उठून बघायचा. पारावर बसलेला फागू त्याला म्हणायचा, "जावईबापू, सासऱ्याची भाकरी तर पचली. आता पाणी कसं पचतं ते बघू." सखरू हसून पुढे जायचा. हसू ओठांवर राहायचं आणि बोलणं पोटात जाऊन बसायचं. एकदा वल्हं हाती आलं की आपण या गावाचे झालो, असं त्याने मनाशी धरलं होतं. नाही आलं तर जन्मभर पाहुणा.

पण वल्हं मिळण्याआधी एक रीत होती. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं. ज्याला नावाडी व्हायचं, त्याने दिवस मावळताना एकट्याने तिथे जायचं, रात्र काढायची आणि सकाळी परत यायचं. गावची बाळंतीण, तान्ही पोरं, म्हातारी माणसं ज्याच्या भरवशावर पाण्यात जाणार, तो एकटा असताना कसा असतो ते कळायला नको?

सखरू निघाला. फुलवंताने भाकरी आणि ठेचा बांधून दिला, घोंगडी दिली, आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. बुवांनी एकच गोष्ट सांगितली. "पोचलात की आधी डोंगा निजवा. मग तुम्ही निजा."

डोंगा निजवणं म्हणजे काय ते सांगतो. भोई रात्री डोंगा पाण्यावर मोकळा ठेवत नाहीत. कंबरभर पाण्यात नेतात, त्यात धोंडे टाकतात, पाणी भरतात आणि तळाशी बसवतात. लाकूड ओलं राहतं, तडकत नाही, आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही. सकाळी धोंडे काढायचे, हलवून हलवून पाणी सांडायचं, की डोंगा वर येतो. त्याला वेळ लागतो खरा.

तो वेळच सखरूच्या मनात अडकला. बेटावर उतरल्यावर त्याने पहिला धोंडा उचललाही होता. मग वाटलं, रात्री काही आलं तर? आपण धोंडे काढेपर्यंत ते थांबणार आहे का? त्याने धोंडा खाली ठेवला. डोंगा काठाच्या खडकांपाशी आणला, दोराने करंजाच्या मुळाला बांधला आणि वल्हं उशाशी घेतलं. चूक म्हणावी तर एवढीच.

अंधार पडला. त्याने जाळ केला, भाकरी पुढ्यात घेतली, पण एक घास मोडून तशीच ठेवली. समोर गावातले दिवे एकेक करून मालवत गेले. शेवटचा गेला तेव्हा तळं एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मागे झुडपात काहीतरी सरकलं. पाण्यात काहीतरी बुडालं. पाणमांजर असेल, तो स्वतःला म्हणाला, आणि उठून दोर बघून आला. घटकाभराने पुन्हा बघून आला.

मध्यरात्रीनंतर वारा सुटला.

ठक.

सखरू उठून बसला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठक, ठक. कुणी दार वाजवावं तसं. आणि बेटावर तर दार नव्हतं.

त्याने हाक मारली, कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही, ठकठक मात्र वाढली. आता कुणीतरी घाईने वाजवत होतं. सखरूने वल्हं उचललं, घोंगडी तिथेच टाकली, धावत काठाला आला, दोर कमरेच्या कोयत्याने तोडला आणि डोंगा पाण्यात लोटून आत उडी घेतली.

डोंगा खडकांपासून सुटला आणि ठकठक थांबली. सुटलो, असं त्याला वाटलं. दहा-वीस हात गेला असेल, तेवढ्यात घोट्यांना गार लागलं. त्याने खाली चाचपून पाहिलं. डोंग्याच्या टोकाला बोट जाईल एवढी चीर पडली होती. वारा सुटल्यापासून ते टोक खडकावर आपटत होतं. दार कोण वाजवत होतं, ते तेव्हा त्याला कळलं.

पाणी गुडघ्याला आलं, आणि डोंगा त्याच्या खालून निघून गेला. सखरूला पोहणं बेताचंच येई. त्याने वल्हं छातीशी धरलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मागे टाकून आलेल्या जाळाकडे बघत तो पाय मारत राहिला. शेवटी पायाला चिखल लागला.

तो जाळापाशी येऊन बसला. अंग थडथडत होतं. आता पळायला काही उरलं नव्हतं. थोडा वेळ त्याने कान दिला. वारा होता, झुडूप होतं, पाण्यात काहीतरी बुडत होतं. बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

सकाळी तो आला नाही. फुलवंता उजाडल्यापासून काठावर उभी होती. ऊन चढलं तेव्हा बुवा म्हणाले, चला. फागूनेच आपला डोंगा काढला. बेटावर सखरू राखेशेजारी घोरत पडलेला. फुलवंताने त्याचा खांदा हलवला. "अहो, जिवंत आहात तर उठा तरी," ती म्हणाली, आणि मग रडली.

पारावर माणसं जमली. वाऱ्याने डोंगा फोडला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सखरूने तसं म्हटलं नाही. "मी निजवला नाही," तो म्हणाला. "पळता यावं म्हणून मोकळा ठेवला. त्याच्याच आवाजाला भ्यालो आणि त्याच्यातच बसून पळालो." फागू हसला तो ठसका लागेपर्यंत. बुवा हसले नाहीत.

"डोंगा बुडाल्यावर काय केलंत?"

"झोपलो."

तो डोंगा बुवांच्या वडिलांनी कोरलेला होता. मग ते म्हणाले, "वल्हं आज मिळायचं नाही. खोड आण, नवा डोंगा कोर. वर्ष लागेल. कोरून झाला की त्याच डोंग्याने बेटावर जा, आणि तोवर फागूच्या डोंग्यात माझ्यापुढे बसून मला काठ दाखव."

फुलवंताने चमकून वडिलांकडे पाहिलं. जावयाला ते आजवर अहो-जाहो करत आले होते. आज पहिल्यांदाच, पोटच्या पोराला रागवावं तसं, एकेरी बोलले होते. सखरूने मान खाली घातली आणि कुऱ्हाड आणायला गेला.

तात्पर्य: जो पळायची तयारी ठेवून बसतो, त्याला साधा वाराही पळ म्हणूनच सांगतो.