एका थेंबाचा मान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि नद्यांनी आपापल्या वाटा पक्क्या केल्या नव्हत्या. त्या काळी एका काळ्या कातळाच्या पठारावर विषारी ड्रॅगनांची एक जमात राहत होती. अंगाने हत्तीएवढे, पंख जहाजाच्या शिडाएवढे, आणि वरच्या दोन सुळ्यांत निळंशार विष. म्हणून सगळे त्यांना निळदंती म्हणत.

आज त्यांच्यातला एकही उरलेला नाही. कोणी मारले म्हणाल, तर कोणीच नाही. त्यांच्या वाटेला जायची टाप होती कोणाची! ते आपले आपणच संपले, आणि कसे संपले ते ऐकलंत तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

निळदंत्यांचं अंडं दगडाहून कठीण असे. आतल्या पिल्लाला ते फोडता येत नसे. दिवस भरले की पिल्लू आतून नाकाडाने टकटक करू लागे. मग बाहेरून एखाद्या मोठ्याने कवचावर विषाचा एक थेंब सोडायचा. कवच मऊ पडे आणि पिल्लू बाहेर येई. टकटक सुरू झाल्यापासून तीन दिवसांत थेंब पडला नाही, तर पिल्लू आतच गुदमरून जाई.

एक थेंब. बस्स. आणि तो कोणाचाही चाले.

अंडी उबवायचं काम सुळे पडून गेलेल्या म्हाताऱ्या मादीकडे असे. कारण वेळेआधी चुकून विष सांडलं, तर अंडं नासून जाई. या गोष्टीच्या वेळी ते काम जिच्याकडे होतं, तिला सगळे उबमावशी म्हणत. मावशी कामाला चोख होती, पण तोंडाची फटकळ. आता इतकी वर्षं निळदंत्यांमध्ये काढल्यावर कोणीही फटकळच होईल, त्यात तिचा काय दोष?

पूर्वी म्हणे जो जवळ असेल तो थेंब टाकून आपल्या वाटेने जाई. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की थेंब टाकणं हा मोठा मान आहे. झालं! पिल्लाला थेंब देणाऱ्याचं नाव ठेवायचं, असं ठरलं. मग ते नाव कातळावर कोरायचं, असंही ठरलं. मग प्रश्न आला, मान कोणाला? ज्याचं विष सगळ्यांत जहाल, त्याला. आणि ते ओळखायचं कसं? तर पठाराच्या मधोमध एक भला मोठा दगड होता. टकटक सुरू झाली की सगळ्यांनी त्या दगडाला कडकडून चावायचं. ज्याच्या विषाने सगळ्यांत खोल भोक पडेल, तो जिंकला.

यात गोची काय होती, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. निळदंत्यांच्या मात्र कधी आलं नाही. विषाची थैली एकदा रिकामी झाली की ती भरायला पंधरवडा लागे.

सुरुवातीला जिंकणारा निदान एखादा थेंब राखून ठेवी. पण चुरस वाढत गेली, तसं राखून ठेवणं मागे पडलं. गेल्या खेपेला दोन अंडी होती. दोन्ही हातची गेली. तेव्हा सभेत कोणी म्हणालं, "अंडीच कच्ची होती." कोणी म्हणालं, "मावशीची ऊब कमी पडली."

मावशी तेव्हा जी संतापली, ती पुढे कधी थंड झालीच नाही.

आणि आता बारा वर्षांनी पुन्हा अंडं आलं होतं. एकच. अंडं घालणारी मादी त्याच थंडीत गेली, आणि जमातीत दुसरी अंडं घालण्याजोगी मादी उरली नव्हती. मावशी त्या अंड्यावर चार महिने बसून होती. तिने ना पंख पसरले, ना पोटभर खाल्लं. एके सकाळी तिच्या पोटाखाली टकटक ऐकू आली, आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. पण पुढचं सगळं आठवून तो लगेच टांगणीलाही लागला.

"टकटकतंय रे!" ती ओरडली. "या कोणीतरी, आणि टाका एक थेंब!"

सगळे आले. पण थेंब टाकायला नव्हे. कोण कुठल्या बाजूने दगडाला चावणार, ते ठरवायला.

मावशीने बसल्या जागेवरून म्होरक्याला हाक मारली. "अरे, हे शेवटचं अंडं आहे. यंदा स्पर्धा राहू दे ना."

"असं कसं मावशी? नियम आहे."

"नियम तुम्हीच केलात ना? मग तुम्हीच मोडा."

"मोडायला सभा घ्यावी लागते."

"मग घे की सभा!"

"घेऊ. स्पर्धा झाली की घेऊ," म्होरक्या शांतपणे म्हणाला, आणि दगड पुसायला गेला.

मावशीने कपाळ बडवून घेतलं. पहिला दिवस जागा ठरवण्यात गेला. दुसरा दिवस कोणी कोणाच्या आधी चावायचं, या वादात गेला. मावशी कानीकपाळी ओरडत होती, पण तिला उत्तर एकच, "झालंच मावशी, आता होतंच आहे." आतली टकटक आता थोडी हळू झाली होती. ती फक्त मावशीला कळत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाची स्पर्धा सुरू झाली. एकेक निळदंती आला, चावला, रिकामा झाला आणि छाती काढून बाजूला उभा राहिला. म्होरक्या कळकाच्या काठीने भोकं मोजत होता. दुपारपर्यंत सगळे आटोपले. सगळ्यांत खोल भोकं दोघांची निघाली, कराळची आणि धुमारची. दोन्ही तंतोतंत सारखी.

"आता?" म्होरक्या म्हणाला. "तुमच्यापैकी कोणाकडे विष उरलंय का?"

दोघांनी जबडे उघडून दाखवले. कराळच्या सुळ्याच्या टोकाशी एक निळा थेंब लोंबत होता. धुमारच्याही.

मावशी अंडं पंखात घेऊन तरातरा पुढे आली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच जागची हलली होती. तिने अंडं दोघांच्या मधोमध ठेवलं.

"टाका. दोघांकडे एकेक थेंब आहे, आणि लागतोय एकच. कोणीही टाका."

"कोणीही कसं?" कराळ म्हणाला. "मी टाकला तर धुमार म्हणेल, आमचं सारखं होतं."

"म्हणेनच," धुमार म्हणाला.

"बरं, दोघं मिळून टाका. एकाने उजवीकडून, एकाने डावीकडून. पिल्लाला दोन्ही नावं ठेवू. मग तर झालं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशीला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

"उजवीकडून मी," कराळ म्हणाला.

"का बरं? उजवी बाजू मानाची. तिथून मी."

"अरे मेल्यांनो!" मावशी किंचाळली. "अंड्याला कुठली आलीय उजवी आणि डावी? गोल आहे ते!"

कोणी हसलंसुद्धा नाही. सगळे गंभीरपणे विचारात पडले होते. शेवटी म्होरक्याने निवाडा दिला, की दोघांनी दगडाला पुन्हा एकदा चावावं आणि काय तो सोक्षमोक्ष लावावा.

मावशी दगडाच्या आडवी उभी राहिली. बिनदातांची, उपासाने वाळलेली म्हातारी ती. तिला दोघांनी मिळून अलगद बाजूला केलं. अलगद हं. मावशीबद्दल सगळ्यांना आदर होता.

कराळ चावला. धुमार चावला. म्होरक्याने काठी घातली, पुन्हा घातली, आणि ओरडला, "कराळ! जवभर खोल!"

मग काय विचारता! पंखांचा फडफडाट झाला, आरोळ्या उठल्या. धुमारनेसुद्धा मोठ्या मनाने हार मानली. कराळ मान उंच करून, पावलं मोजत अंड्यापाशी आला. त्याने जबडा उघडला आणि सुळे अंड्यावर धरले.

काहीच पडलं नाही.

त्याने जबडा हलवला. मान झटकली. सुळे कोरडे ठणठणीत होते.

"धुमार," तो हळूच म्हणाला, "तुझ्याकडे आहे का रे?"

धुमारकडे नव्हतं. म्होरक्याकडे नव्हतं. त्या सबंध पठारावर, जगातल्या सगळ्यांत विषारी जमातीकडे, विषाचा एक थेंब नव्हता.

टकटक अजून येत होती. आता सगळ्यांनाच ती ऐकू आली, कारण कोणी बोलतच नव्हतं. मावशीने अंडं पोटाशी ओढलं. बोडक्या हिरड्यांनी ती कवच चावू लागली. हिरड्या फुटल्या, पण कवचावर ओरखडाही उठला नाही. दिवस कलला, तशी टकटक थांबली.

म्होरक्या चाचरत म्हणाला, "मावशी, आता काय करायचं?"

"नाव कोरा," मावशी म्हणाली. "कराळ जिंकला ना? कोरा त्याचं नाव. कातळावर जागा पुष्कळ आहे."

पंधरा दिवसांनी कराळ एकटाच मावशीकडे आला. ती अजून त्याच जागी, त्याच अंड्यावर बसली होती. त्याचे सुळे निळ्या विषाने काठोकाठ भरले होते. ते खाली ठिबकत होतं आणि कातळावर वाया जात होतं.

"मावशी," तो म्हणाला, "आता आहे हो थेंब. पुष्कळ आहे."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला राग आला नाही.

"त्याला तो तेव्हा हवा होता रे," ती म्हणाली.

त्यानंतर त्या पठारावर अंडं कधी दिसलं नाही. एकेक निळदंती म्हातारा झाला आणि गेला. सगळ्यांत शेवटी कराळ गेला, पण तो जहाल होता हे सांगायला मागे कोणीच नव्हतं. तो दगड मात्र अजून आहे. त्यावरच्या भोकांत पाणी साचतं आणि चिमण्या येऊन ते पिऊन जातात.

तात्पर्य: कामाचा मान कोणाचा, हे ठरवण्यातच जे आपलं सगळं बळ खर्चून बसतात, त्यांच्या हातून ते काम कधीच होत नाही.